वाट किती पाहायची?

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी एका शब्दात कळवला : प्रतीक्षा. पावसाची, पत्राची, परदेशी गेलेल्या लेकराची प्रतीक्षा लिहिणारे पुष्कळ निघतील, म्हणून मी सेकंदांत मोजली जाणारी प्रतीक्षा शोधायला निघालो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत ती सकाळी साडेआठला रस्त्यावरच भेटते. पाण्याच्या खजिन्यापासून मिरजकर तिकटीकडे चालत या. नाश्त्याच्या गाड्यांभोवती गर्दी, वाफ, ‘कट वाढा जरा’ असा पुकारा आणि प्रत्येक गाडीवर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेला एक छोटा साउंडबॉक्स.

एक कॉलेजचा पोरगा फोन पुढं धरून उभा होता. पडद्यावर हिरवी खूण.

“गेलेत की मावशी, हे बघा.”

“बॉक्स बोलला न्हाई अजून.”

“अहो पण माझ्या खात्यातनं कटलेत!”

“कटले असतील बाबा. माझ्याकडं आलेत का, ते बघू की. थांब जरा.”

मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मावशींनी तोवर दोघांना वडे दिले, एकाचे सुटे मोजले. मग बॉक्स बोलला आणि पोरगा सुटला.

माझ्याबरोबर बेलबागेजवळ राहणारा एक तरुण अभियंता होता. एका परदेशी डेटाबेस कंपनीचं काम तो घरातूनच करतो. ‘माझं नाव नको, कंपनीचं तर नकोच’ एवढ्या अटीवर तो बोलायला तयार झाला होता. वड्याचा घास घेत तो म्हणाला, “मावशींनी आत्ता जे केलं ना, त्यावर लोकांनी पीएच.डी. केल्यात.”

वीस रुपयांचा प्रवास

‘वितरित संगणन’ हे या विद्याशाखेचं नाव. अनेक संगणक, एकमेकांपासून दूर, फक्त निरोपांनी जोडलेले. आणि सगळ्यांनी मिळून एकच काम बिनचूक करायचं. गाडीवरचे वीस रुपये हे त्याचं रोजचं उदाहरण.

पोरानं पिन टाकला की त्याच्या ॲपमागची बँक निरोप धाडते तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या मधल्या स्विचकडे. स्विच पोराच्या बँकेला सांगतो, वीस वजा करा. ‘केले’ असं उत्तर आलं की मावशींच्या बँकेला सांगतो, वीस जमा करा. ‘झाले’ असं उत्तर आलं की दोन्हीकडे खबर जाते. साउंडबॉक्सला खबर मिळते ती त्याच्या स्वतःच्या सिमवरून, निराळ्या वाटेनं. त्यामुळे फोनवरची हिरवी खूण आणि बॉक्सचा आवाज यांत कोण आधी पोचेल, याची हमी कुणीच देत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी २००० कोटींचा आकडा ओलांडला. एवढ्या निरोपांत काही अडखळणारच.

खरी पंचाईत होते ती मध्येच. पोराच्या खात्यातून पैसे वजा झाले, स्विचनं मावशींच्या बँकेला सांगितलं आणि पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. याचे अर्थ तीन. निरोप पोचलाच नाही. किंवा पोचला, पैसे जमाही झाले, पण ‘झाले’ हे उत्तर वाटेत हरवलं. किंवा बँकेचा सर्व्हर अजून काम करतोय, एवढंच. पहिल्या प्रसंगी पैसे परत द्यायला हवेत, दुसऱ्यात मुळीच देऊ नयेत, तिसऱ्यात थांबायला हवं. स्विचला मात्र तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसते : शांतता.

पुन्हा विचारून पाहावं तर दोनदा जमा होण्याची भीती. म्हणून प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर बँकेनं नव्यानं पैसे टाकायचे नाहीत, आधीचं उत्तरच परत द्यायचं. आणि तरीही गुंता सुटला नाही तर? त्यासाठी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९मध्ये मुदत घालून दिली. एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाणारे पैसे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं मागण्याची वाट न बघता.

गप्प आहे, म्हणजे नेमकं काय?

१९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी एक सिद्धांत मांडला. आडनावांच्या आद्याक्षरांवरून तो ‘एफएलपी’ म्हणून ओळखला जातो. निरोपाला किती उशीर लागेल याला जिथे मर्यादाच नाही, आणि एखादं यंत्र बंद पडण्याची शक्यता आहे, तिथे सगळ्यांचं एकमत हमखास घडवून आणणारी, ठरलेल्या पायऱ्यांनी चालणारी कोणतीही रीत असू शकत नाही. ‘अजून सापडली नाही’ असं त्यांनी म्हटलं नाही. असूच शकत नाही, हे गणितानं दाखवलं. कारण मंद झालेलं यंत्र आणि मेलेलं यंत्र लांबून सारखंच दिसतं.

मग बँका, रेल्वेची तिकिटं, गॅसची नोंदणी हे सगळं चालतं कसं? हमीचा हट्ट थोडा सोडून. किती वाट पाहायची याचा आकडा आधी ठरवायचा आणि तो चुकेल हे धरूनच पुढची रचना करायची.

ही रचना समजावून सांगणारं अलीकडचं एक महत्त्वाचं पुस्तक मराठी आडनावाच्या माणसाचं आहे. थॉटवर्क्समधले उन्मेष जोशी यांचं ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टम्स’ २०२३मध्ये ॲडिसन-वेस्लीनं काढलं. काफ्का, झूकीपर, एटसीडी, कॅसँड्रा अशा खुल्या प्रणालींचे कोड वाचताना त्यांतल्या तोडग्यांमध्ये तेच ते साचे पुन्हा पुन्हा दिसतात. त्या साच्यांना नावं देऊन, थोडक्या कोडसह ते त्यात मांडलेत. बेलबागेतल्या अभियंत्याच्या टेबलावर त्याची प्रत होती, कोपरे दुमडलेली.

त्यातला एक साचा ‘हार्टबीट’. प्रत्येक यंत्रानं ठरावीक अंतरानं ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. एटसीडीमध्ये मुळातली मांडणी अशी की नेता यंत्र, म्हणजे ज्याचे हुकूम बाकीची यंत्रं मानतात ते, दर १०० मिलिसेकंदांनी हा ठोका पाठवतं, आणि १००० मिलिसेकंद ठोका आला नाही तर बाकीची यंत्रं नव्या नेत्याची निवडणूक लावतात.

“ही मुदत कमी ठेवली तर काय बिघडतं?” मी विचारलं.

“नेटवर्क जरा अडखळलं की निवडणूक. ती संपेपर्यंत कामं ठप्प. मग परत अडखळलं, परत निवडणूक. दिवसभर मतदानच.”

“आणि वाढवली तर?”

“मग नेता खरंच मेला असला तरी सगळी त्याचं तोंड बघत बसत्यात.”

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे मेला म्हणून सोडलेला नेता परत येणं. तो मेला नव्हता, क्षणभर गोठला होता. जागा झाल्यावर आपणच नेता आहोत असं समजून तो हुकूम सोडायला लागतो. यावर जोशींच्या पुस्तकातला उपाय म्हणजे प्रत्येक कारकिर्दीला चढता क्रमांक. सातव्या कारकिर्दीचा नेता निवडला गेला असेल तर सहाव्याचा हुकूम कुणी मानायचा नाही. आणि नेता व्हायला पाचांपैकी निदान तिघांची मतं हवीत. पाचांत तिघांचे कोणतेही दोन गट केले तरी एक यंत्र दोन्हीकडे येतंच, त्यामुळे एकाच कारकिर्दीत दोन नेते निवडले जात नाहीत.

कोल्हापूरची तेहतीस मिनिटं

“मुदत मोजायची तर घड्याळ लागणार,” मी म्हटलं. अभियंता हसला. “तिथंच तर सगळा घोळ हाय.”

घड्याळाचा घोळ कोल्हापूरला नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. म्हणजे अंबाबाईच्या शिखरावर सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीनं घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटं उशिरा. १८९१ साली मिरजेहून रेल्वे इथे पोचली तेव्हा देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेळेनं धावत. मुंबईची वेळ तिसरीच होती. १ जानेवारी १९०६ला प्रमाणवेळ आली तरी त्याहून ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ मुंबईकरांनी पुढे कित्येक दशकं सोडली नाही.

संगणकांचं तेच होतं, फक्त अपूर्णांकांत. त्यांच्यातलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. दहा लाखांत दहा भागांची चूक धरली तर ते दिवसाला ०.८६ सेकंद सरकतं. जाळ्यावरून वेळ विचारून ते सुधारता येतं, पण विचारण्याच्या निरोपालाही उशीर लागतोच.

१९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या प्रश्नाची मांडणीच बदलली. किती वाजले हे सोडा, म्हणाले. कशाआधी काय झालं एवढं नीट ठरवा. प्रत्येक यंत्रानं साधा आकडा बाळगायचा, घटना घडली की एकानं वाढवायचा, निरोपासोबत तो पाठवायचा. ज्याला निरोप मिळेल त्यानं आपला आणि आलेला यांतला मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवायचा. निरोप पाठवणं हे मिळण्याच्या आधीच घडतं, हे एवढ्यानं पक्कं होतं. पण या आकड्यांवरून ‘काल दुपारी दोनला शिल्लक किती होती’ हे मात्र सांगता येत नाही.

गूगलनं २०१२मध्ये स्पॅनर हा डेटाबेस जगासमोर मांडला तेव्हा त्यांनी पैसा ओतला : डेटा सेंटरमध्ये जीपीएसचे रिसीव्हर आणि अणुघड्याळं. एवढं करूनही वेळेत साधारण १ ते ७ मिलिसेकंदांची अनिश्चितता उरायची. स्पॅनरचा तोडगा आमच्या विषयाला धरूनच आहे. घड्याळ किती चुकत असेल ते मोजायचं, तेवढा वेळ मुद्दाम थांबायचं आणि मगच व्यवहार जाहीर करायचा.

ज्यांच्याकडे अणुघड्याळं नाहीत त्यांच्यासाठी २०१४ साली दुसरी वाट निघाली. मुंबईच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेले, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक संदीप कुलकर्णी, बफेलोचे मुरात देमिरबाश आणि त्यांचे सहकारी यांनी ‘हायब्रिड लॉजिकल क्लॉक’ मांडलं. समजा मुंबईच्या यंत्रात ५.१२० सेकंद झालेत आणि तिथून निघालेला निरोप हैदराबादला पोचला तेव्हा तिथलं मागे पडलेलं घड्याळ ५.११२ दाखवतंय. हैदराबादनं आपलं घड्याळ लिहिलं तर निरोप पाठवण्याआधीच मिळाला असं दिसेल. म्हणून त्यानं ५.१२० हाच आकडा घ्यायचा आणि शेजारी छोटा अनुक्रमांक टाकायचा : १. आपलं घड्याळ ५.१२०च्या पुढे गेलं की अनुक्रमांक परत शून्यावर. खऱ्या वेळेशी नातं टिकतं, आधी-नंतरचा क्रमही टिकतो, आणि हे सगळं ६४ बिटांत मावतं. खास यंत्रसामग्री लागत नाही. कॉक्रोचडीबी, मोंगोडीबी, युगाबाइट या डेटाबेसांमध्ये याच कल्पनेची घड्याळं चालतात.

कुलकर्णींचं आधीपासूनचं काम दोष सोसणाऱ्या प्रणालींवर. डॉक्टरेटच्या काळात त्यांनी अनिश अरोरा यांच्याबरोबर अशा प्रणालीचे दोन घटक वेगळे करून दाखवले, दोष हेरणारे आणि दोष सावरणारे. घड्याळ चुकतंच हे धरून त्याला सावरणारा आकडा शेजारी ठेवणं, हे त्याच वळणाचं.

मुंबई, ओहायो आणि एक जाड पुस्तक

याच वाटेनं गेलेलं आणखी एक नाव म्हणजे अजय क्षेमकल्याणी. मुंबई आयआयटी, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट, पुढे शिकागोत इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक. मुकेश सिंघल यांच्यासह त्यांनी लिहिलेलं ‘डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग’ २००८ साली केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं. ‘हे वाचताना झोप येती, पण नोकरी लागती,’ हा आमच्या अभियंत्याचा अभिप्राय.

त्यात एक मोठं प्रकरण आहे : एका वेळी एकानंच वापरायची वस्तू अनेकांत कशी वाटायची? एक उत्तर टोकनचं. एकेरी रेल्वेमार्गावर ज्याच्या हाती पुढच्या टप्प्याचं टोकन त्याच चालकानं गाडी काढायची, ही जुनी पद्धत अनेकांनी स्टेशनात उभं राहून पाहिली असेल. संगणकांतही तसंच, पण टोकन हा फक्त एक निरोप असतो आणि तो हरवू शकतो. हरवला असं समजून नवा काढावा तर जुना उगवतो आणि एकाच मार्गावर दोन गाड्या. पुन्हा तेच : किती वेळानं हरवला म्हणायचं?

मराठी वाचकाला इथे डॉ. विजय भटकर आणि पुण्याच्या सी-डॅकमधला परम महासंगणक आठवेल. १९९१चा परम ८००० हा ६४ ट्रान्सप्युटरांचा होता, आणि तेही एकमेकांशी निरोपांनीच बोलत. पण ते एकाच संकुलात, एकाच गणितासाठी, वेगाकरता जोडलेले. वितरित संगणनात यंत्रं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या मालकांची असतात, आणि चिंता वेगापेक्षा गप्प बसणाऱ्याची.

महापुरात तुटलेला दुवा

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहर बेट झालं. वीज नाही तिथे मोबाइलचे मनोरे गेले, मनोरे गेले तिथे पैसे फोनमध्येच अडकले.

जाळं असं दुभंगलं की दोन्ही तुकड्यांतली यंत्रं जिवंत असतात, पण एकमेकांना मेलेली वाटतात. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेलं आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२मध्ये सिद्ध केलेलं तत्त्व सांगतं की अशा वेळी निवड करावीच लागते. एक तर ‘पलीकडची खात्री होईपर्यंत व्यवहार बंद’ म्हणा. नाहीतर व्यवहार चालू ठेवा आणि नंतर हिशेब न जुळण्याचा धोका पत्करा. सुधारलेली तारयंत्रणा, महागडे सर्व्हर, कशानंही ही निवड टळत नाही.

पुरात पेठेनं केलं ते दुसरं. ओळखीच्या दुकानदारानं वहीत मांडून दूध, तेल, मेणबत्त्या दिल्या, पण बेताबेतानं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२२मध्ये ऑफलाइन पेमेंटची चौकट आखली तिचाही विचार तोच : जाळं नसलं तरी पैसे जाऊ द्या, पण एका वेळी २०० रुपये आणि एकूण २००० हीच तेव्हाची मर्यादा. चूक झाली तरी ती तेवढीच.

हत्यारं, आणि कामाबाहेरची माणसं

अभियंत्याची खोली वरच्या मजल्यावर. दोन पडदे, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची नेट-जोडणी आणि भिंतभर पांढरा फळा. फळ्यावर आडव्या रेषा, प्रत्येक रेष म्हणजे एक यंत्र, आणि त्यांमधून तिरके जाणारे बाण म्हणजे निरोप. लॅम्पोर्टच्या लेखापासून या विद्येत विचार करण्याची पद्धत हीच.

फळ्यावर पटलेली गोष्ट खरी आहे का, हे तपासायला लॅम्पोर्ट यांनीच टीएलए प्लस ही भाषा घडवली. तिच्यात प्रणालीचं वर्णन लिहायचं, मग संगणक सगळ्या शक्य क्रमांतून फिरून चूक शोधतो. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी तिनं डायनॅमोडीबीतला एक दोष पकडला. तो उघडा पडायला ३५ पायऱ्या एका विशिष्ट क्रमानं घडाव्या लागत होत्या. माणसाच्या डोक्यात इतकं मावत नाही. दुसरं हत्यार उलट स्वभावाचं. काइल किंग्सबरी यांचं जेप्सन चालू डेटाबेसची जोडणी मुद्दाम तोडतं, घड्याळं मागेपुढे करतं आणि मग खोटं कोण बोललं ते नोंदींवरून शोधतं.

फळ्याच्या वर खिळ्याला पाटाकडील तालमीची जुनी जर्सी टांगलेली. पाटाकडील, प्रॅक्टिस, बालगोपाल या याच पेठेच्या फुटबॉल टीमा. शाहू स्टेडियमवर सामना असला की रात्रीची ड्युटी कुणाशी तरी बदलली जाते. “सामन्यात ऑन-कॉल घेतला तर घरचे जेवायला घालणार न्हाईत.”

या विद्येतल्या थोरांनाही असेच नाद. लॅम्पोर्ट यांनी एकमताची आपली ‘पॅक्सॉस’ ही रीत एका काल्पनिक ग्रीक बेटावरच्या संसदेच्या पुरातत्त्वीय अहवालासारखी लिहिली, आणि १९९०मध्ये पाठवलेला तो लेख १९९८मध्ये छापून आला. विस्कटलेली प्रणाली आपली आपण सावरते ही कल्पना १९७४मध्ये देणारे एड्सगर डाइक्स्ट्रा पियानो वाजवत आणि टिपणं फाउंटन पेननं लिहीत. आणि जिम ग्रे यांना समुद्राचं वेड.

व्यवहार पूर्ण झाला किंवा झालाच नाही, अधांतरी राहिला नाही, ही आज प्रत्येक बँक गृहीत धरते ती शिस्त घडवण्यात ग्रे यांचा मोठा वाटा. १९९८चं ट्युरिंग पारितोषिक त्यासाठीच. २८ जानेवारी २००७ला आईच्या अस्थी विसर्जित करायला ते सॅन फ्रान्सिस्कोहून ‘टेनेशियस’ ही आपली शिडाची होडी घेऊन एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले. परतले नाहीत. तटरक्षक दलानं शोध थांबवल्यावर सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांचे लहान लहान तुकडे केले आणि हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकावर ते डोळ्यांखालून घातले. होडी मिळाली नाही. २०१२मध्ये, पाच वर्षांनी, कायद्यानं त्यांना मृत मानलं.

मुदत कोण ठरवतं?

आपल्या पुराव्याच्या कायद्यात हीच मुदत सात वर्षांची. सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी, तसं म्हणणाऱ्यावर. पाच वर्षं, सात वर्षं, हजार मिलिसेकंद, एक दिवस. यांतला कोणताही आकडा सत्य सांगत नाही. शांततेतून सत्य काढता येत नाही हे तर १९८५पासून सिद्धच आहे. आकडा सांगतो ते एवढंच की अंदाज चुकला तर नुकसान कुणाच्या अंगावर पडावं. निवडणुकीची मुदत आखूड केली की यंत्रणेवर भार, लांब केली की ग्राहकावर. २०१९च्या नियमानं अडकलेल्या पैशांचा भार निदान ठरल्या दिवसानंतर बँकेकडे सरकवला.

गाडीवर मात्र असा नियम नाही. तिथे मुदत मावशी ठरवतात आणि चुकली तर वीस रुपये त्यांचेच जातात. म्हणून पैसे अडकले तर घाईनं दुसऱ्यांदा पाठवण्याआधी तो १२ आकडी क्रमांक पाहा, दुकानदारालाही दाखवा आणि बॉक्स बोलेपर्यंत बाजूला उभे राहा. आणि रेशनच्या अंगठ्यापासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत कुठेही ‘सर्व्हरकडून उत्तर नाही’ असं ऐकू आलं, तर पुढचे प्रश्न विचारायला संगणकशास्त्र यावं लागत नाही : इथे वाट किती पाहायची हे कुणी ठरवलंय, आणि त्याचा अंदाज चुकला तर भरपाई कोण देणार आहे?